ऊसतोड भगिनींचे आरोग्य : विधान परिषदेतील एक प्रश्न आणि आपले कर्तव्य



या पानावर आपण एरवी बेणे, खताची मात्रा, पाण्याच्या पाळ्या, हुमणीचा बंदोबस्त अशा गोष्टींवर बोलतो. या वेळी विषय जरा वेगळा घेतला आहे. काही सभासदांना वाटेल की शेतकी खात्याच्या माणसाला या विषयाशी काय करायचे आहे? पण आपला ऊस ज्या हातांनी तुटतो आणि गाडीत चढतो, त्यातले निम्मे हात बायकांचे आहेत. लागणीपासून तोडणीपर्यंत उसाची काळजी घ्या असे आम्ही सांगत फिरतो, पण तोडणाऱ्या बाईच्या तब्येतीविषयी या पानावर आजवर एक ओळ आली नाही. ती उणीव माझीच आहे.

आधी एक प्रसंग सांगतो. काही हंगामांपूर्वी आमच्या गटातल्या एका सभासदाचा निरोप आला, की टोळी दोन दिवस अर्धीच चालली आहे, फड लांबला, वजन घटतंय. मी मोटारसायकल काढून फडावर गेलो. टोळी बीडकडची. टायर गाडीच्या सावलीत पंचवीस-सव्वीस वर्षांची एक बाई गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मुकादम म्हणाला, "साहेब, तिचा खाडा धरलाय, काळजी करू नका." जणू माझी काळजी तेवढीच होती! टोळीतली एक वयस्क बाई मोळी बांधता बांधता म्हणाली, "पोरीला अंगावरनं जातंय साहेब, कंबर धरलीय. पट्टा पडला की पिशवी काढायची म्हणतीय. तिच्या जावेनं बी काढली. एकदा काढली की कटकट न्हाई."

मी काय केले? "दवाखान्यात दाखवा" एवढे बोललो, स्लिप बॉयकडून त्या दिवसाचे टनेज विचारून घेतले आणि परत आलो. "पिशवी काढायची" हे शब्द मी वर्षानुवर्षे ऐकत होतो, पण बेणे बदलायचे म्हणावे तसे ते कानावरून जात होते. पुढे २०१९ साली विधान परिषदेत या गोष्टीवर प्रश्न उपस्थित झाला, चौकशी झाली, आकडे बाहेर आले. ते वाचले तेव्हा मला ती टायर गाडीची सावली आठवली. तो प्रश्न, त्यातून निघालेली माहिती आणि आपण काय करू शकतो, हे आज क्रमाने पाहू.

सभागृहातला प्रश्न म्हणजे काय?

आपल्याकडे आमदार म्हटले की रस्ता, पूल आणि लग्नाची हजेरी एवढेच डोळ्यांपुढे येते. परंतु आमदाराचे मूळ काम सभागृहात आहे. सरकारला जाब विचारणे, कायदा करणे, केलेला कायदा नीट चालतो का ते पाहणे हे ते काम. महाराष्ट्रात दोन सभागृहे आहेत, विधानसभा आणि विधान परिषद. दोन्हीकडे सदस्य मंत्र्याला प्रश्न विचारू शकतो. मंत्र्याने सभागृहात दिलेले उत्तर कागदावर नोंदले जाते आणि "चौकशी करू", "समिती नेमू" असे आश्वासन दिले असेल, तर ते पाळले की नाही हे पाहण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते. म्हणजे चावडीवरच्या बोलण्यात आणि सभागृहातल्या बोलण्यात फरक आहे. सभागृहातल्या शब्दाची नोंद राहते.

२०१९ च्या एप्रिलमध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांबद्दल वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. जून महिन्यात पावसाळी अधिवेशनात विधान परिषदेच्या सदस्य डॉ. नीलम गोऱ्हे यांनी हा विषय सभागृहात मांडला. त्या स्वतः आयुर्वेदाच्या पदवीधर डॉक्टर, स्त्री आधार केंद्र या संस्थेच्या कामातून पुढे आलेल्या आणि २००२ पासून परिषदेत असलेल्या. त्याच जूनमध्ये त्या परिषदेच्या उपसभापतीही झाल्या. तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी उत्तरात सांगितले, की बीड जिल्ह्यात मागील तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भाशये काढली गेली. हा आकडा जिल्ह्यातल्या सगळ्या बायकांचा होता, केवळ ऊसतोड बायकांचा नव्हे. पुढे डॉ. गोऱ्हे यांच्याच अध्यक्षतेखाली सात जणांची समिती झाली आणि त्याच वर्षी तिचा अहवाल आला.

पक्ष कोणता, गट कोणता, याच्याशी आपल्याला येथे कर्तव्य नाही. एका सदस्याने प्रश्न विचारला म्हणून जे फडात कुजबुजले जात होते ते सरकारी कागदावर आले, एवढे लक्षात घ्यावे.

समितीला काय आढळले?

बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे शंभरात सुमारे १७, दर सहा बायकांमागे एक. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत आणि वयोगट अगदी सारखे नाहीत, त्यामुळे तराजूत घालून तंतोतंत तुलना करू नये. तरी फरक इतका मोठा आहे की तो पद्धतीने झाकला जात नाही.

मुकादम लोक बायकांना शस्त्रक्रिया करायला लावतात का, यावर त्या काळी पुष्कळ वाद झाला. त्या वादात मी पडत नाही. कुणी तोंडाने सांगायची गरजच नसते, व्यवहारच तसा बांधलेला आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दोघांच्या नावे. बाई बसली की मोळ्या बांधायला आणि वाहायला माणूस नाही, म्हणून नवऱ्याचाही कोयता लंगडा. वर खाड्याचा दंड. बातम्यांत दिवसाला ५०० रुपयांचा आकडा आला होता. आपल्याकडे मुकादमागणिक तो वेगवेगळा आहे. महिन्यातले तीन-चार दिवस पोटात दुखले तर पाच-सहा महिन्यांच्या हंगामात किती खाडे होतील, याचा हिशेब कोणतीही बाई बोटांवर करते. त्या हिशेबाच्या शेवटी तिला एकच उत्तर दिसते. पिशवी काढली की पाळी बंद, पाळी बंद की खाडा बंद. मग त्यासाठी पुन्हा कर्ज आणि त्या कर्जासाठी पुढच्या हंगामाची उचल.

पिशवीचे काम काय आणि ती काढली तर काय होते?

हा भाग सभासद भगिनींनी तर वाचावाच, पण बंधूंनी लाजू नये. गुरांच्या वाराविषयी आपण मोकळेपणाने बोलतो, घरच्या बाईच्या दुखण्याविषयी बोलायला का संकोचतो?

गर्भाशय म्हणजे पिशवी. तिच्या दोन्ही बाजूंना दोन बीजकोश असतात. मूल पिशवीत वाढते, पाळीचा स्रावही तिच्यातूनच येतो. परंतु बाईच्या अंगात जे संप्रेरक तयार होते, ज्यावर हाडांचा कणखरपणा, झोप, मनाची शांतता आणि काही अंशी हृदयाचे आरोग्यही अवलंबून असते, ते मुख्यतः बीजकोशांत तयार होते. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर पंचेचाळीस-पन्नाशीला यायची अवस्था तिशीतच एकदम येते. अंगाची लाही होते, घाम फुटतो, झोप जाते, चिडचिड होते आणि पुढे हाडे ठिसूळ होतात. बीजकोश राखले तरीसुद्धा काही बायकांत ही अवस्था वेळेआधी येते. ज्या बाईला डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढायचे आहे, तिची हाडे तिशीत झिजायला लागली तर ती किती हंगाम काढील? म्हणजे खाडा वाचवायला काढलेली पिशवी पुढे कोयताच बंद पाडते.

याचा अर्थ शस्त्रक्रिया कधीच करू नये असा नाही. कर्करोग असेल, मोठ्या गाठी असतील, औषधांनी न थांबणारा रक्तस्राव असेल, अंग फार बाहेर येत असेल, तर शस्त्रक्रिया लागते आणि त्यात जीव वाचतो. ते तज्ज्ञ डॉक्टरांनी ठरवायचे. प्रश्न आहे तो अंगावरून पांढरे जाणे, कंबरदुखी, पाळीत पोट दुखणे अशा तक्रारींचा. यातला पुष्कळसा त्रास जंतुसंसर्गाचा असतो. तो तपासणी करून गोळ्या-औषधांनी बरा होतो. जरूर पडल्यास नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते, नाही तर दुखणे पुन्हा उलटते. सोनोग्राफीत लहानशी गाठ दिसली म्हणजे लगेच पिशवी काढायची असे नाही. अशा गाठी पुष्कळ बायकांत असतात आणि नुसते लक्ष ठेवले तरी चालते. "नाही काढली तर कॅन्सर होईल" हे वाक्य ऐकले की बाई घाबरते. पण पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगासाठी साधी तपासणी आहे. ती सरकारी रुग्णालयांतून होते, दुखत नाही आणि वेळेवर झाली तर धोका आधीच कळतो. तपासणीशिवाय भीतीवर शस्त्रक्रिया करू नये.

आपल्याच भाषेत सांगायचे तर, पानावर तांबेरा दिसला म्हणून कुणी उसाचे बेट मुळासकट उपटत नाही. आधी रोग कोणता ते पाहतो, फवारा देतो, पाण्याचा निचरा सुधारतो. बेट उपटणे हा शेवटचा उपाय असतो.

फडात हा त्रास का वाढतो?

निचरा म्हटले म्हणून हा मुद्दा सांगतो. रोग वारंवार येत असेल तर आपण जमीन तपासतो. येथे जमीन म्हणजे फड आणि कोपी.

पहाटे अंधारात काम सुरू होते. फडावर आडोसा नाही. म्हणून बाई पाणी कमी पिते, म्हणजे वारंवार उठावे लागणार नाही. पाणी कमी प्याल्याने लघवीचा दाह आणि संसर्ग होतो. पाळीच्या दिवसांत कपडा बदलायला जागा नाही, धुवायला स्वच्छ पाणी नाही, वाळवायला ऊन आहे पण लाजेने तो कोपीच्या आत दमट जागेत वाळतो. त्यातून पुन्हा संसर्ग. लग्न लहान वयात, दोन-तीन बाळंतपणे विशीच्या सुरुवातीला, बाळंतपणानंतर विश्रांती नाही. अंगात रक्त कमी. २०१९-२१ च्या पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्तक्षय आहे, मग फडातल्या बाईचे काय सांगावे? त्यात दवाखाना म्हणजे एक खाडा, म्हणून दुखणे अंगावर काढायचे आणि पट्टा पडल्यावर गावी जाऊन एकदाच काय ते "निकालात" काढायचे.

या सगळ्या साखळीत पिशवीचा दोष कुठे आहे, ते सभासदांनीच सांगावे.

कायदा आणि नियम काय सांगतात?

समितीच्या शिफारशींचा गाभा असा होता, की ऊसतोड बायकांची गाव सोडण्यापूर्वी आणि हंगामानंतर परतल्यावर आरोग्य तपासणी व्हावी, कामाच्या ठिकाणी पाणी, स्वच्छतागृह आणि औषधोपचाराची सोय असावी आणि अनावश्यक शस्त्रक्रियांना लगाम बसावा. बीड जिल्ह्यात तेव्हापासून खाजगी दवाखान्यात गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट घालण्यात आली.

खाजगी दवाखान्यांसाठी कायदा नवा नाही. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा आपल्याकडे १९४९ पासून आहे. त्याखालचे नियम २०२१ च्या जानेवारीत सुधारले आणि त्यात रुग्णांच्या हक्कांची सनद घालण्यात आली. आजार काय, उपचार कोणता, खर्च किती हे समजेल अशा भाषेत विचारण्याचा आणि दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेण्याचा रुग्णाला हक्क आहे. न समजता कागदावर अंगठा देण्याची कुणावर सक्ती नाही.

असाच प्रकार बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातही झाला होता. त्यावर दाखल झालेल्या जनहित याचिकेचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली जी मार्गदर्शक तत्त्वे केली, ती सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश दिला. देश, राज्य आणि जिल्हा अशा तिन्ही पातळ्यांवर देखरेख समित्या त्यात सांगितल्या आहेत.

आणखी एक गोष्ट आपल्या थेट संबंधाची. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ २०१९ साली ठरले. त्याला निधी मिळावा म्हणून पुढे असे ठरवण्यात आले, की गाळपाच्या उसावर टनामागे १० रुपये कारखान्यांनी भरावेत आणि तितकीच भर सरकारने घालावी. म्हणजे या कामात आपल्या उसाचा पैसा आहे. तो कुठे जातो, त्यातून फडातल्या बाईपर्यंत काय पोहोचते, हे वार्षिक सभेत विचारण्याचा सभासदाला अधिकार आहे. आमदार सभागृहात प्रश्न विचारतो, तसा आपण आपल्या सभेत विचारावा. सहकाराचा अर्थ तोच आहे.

सभासदाने काय करावे?

काही सभासद म्हणतील, टोळी मुकादमाची, करार कारखान्याचा, आमचा संबंध काय? संबंध असा, की फड आपला आहे, विहीर आपली आहे आणि टोळी आपल्या बांधावर दोन-चार दिवस राबते. तेवढ्या दिवसांपुरत्या खालील गोष्टी कोणत्याही सभासदाला जमण्यासारख्या आहेत.

१) फडावर पिण्याच्या स्वच्छ पाण्याचा एक झाकणाचा पिंप ठेवावा. मोटारीचे पाणी धुण्या-अंघोळीला घेऊ द्यावे. "डिझेल जळतंय", "लाईट नाही" म्हणून हुसकू नये.

२) चार बांबू आणि एक ताडपत्री लावून बांधाकडेला आडोसा करावा. एका दिवसाच्या वैरणीइतकाही खर्च नाही. ज्यांच्या वस्तीवर संडास आहे त्यांनी टोळीतल्या बायकांना तो वापरू द्यावा. घरातल्या बाईनेच बोलावून सांगितले तर त्यांना संकोच वाटत नाही.

३) गरोदर, ओली बाळंतीण किंवा आजारी बाई दिसली तर गावच्या आशाताईंना कळवावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते, रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात, मुलांना लस मिळते. परगावची माणसे म्हणून त्यांना कुणी नाकारू शकत नाही. अडचणीच्या वेळी १०८ नंबरला फोन करावा, गाडी फुकट येते.

४) आजारी बाईच्या खाड्यासाठी मुकादमाच्या मागे लागू नये. उलट "एक दिवस उशीर चालेल, तिला दाखवून आणा" असे सभासदाने म्हटले तर मुकादमाचा अर्धा जोर कमी होतो. आम्हा शेतकी खात्याच्या माणसांनाही हे लागू आहे. तोडणी प्रोग्रामचा धाक आम्हीच खाली पोहोचवतो.

५) कुणी "पिशवी काढायची" म्हटले तर एवढेच सांगावे, की आधी सरकारी रुग्णालयात दाखवा, दुसऱ्या डॉक्टरांना विचारा, वय चाळिशीच्या आत असेल तर दोनदा विचारा. निर्णय तिचा आणि डॉक्टरांचा आहे, पण घाई आणि भीती ही दोन्ही तिची नसावीत.

६) हाच नियम आपल्या घरातही पाळावा. पिशवी काढलेल्या बायका फक्त टोळीत आहेत असे नाही. वस्तीवर डोळसपणे पाहिले तर आपल्याही नात्यात सापडतील.

काही सभासदांचा प्रश्न येईल, की हे केल्याने माझ्या उसाला काय फायदा? जी टोळी पाणी आणि मान मिळतो त्या फडावर येते, ती तळातून तोडते, वाढ्यांवरून कुरकुर करत नाही आणि पुढल्या साली त्याच सभासदाचे नाव विचारत येते, हे अनुभवी सभासदांना सांगायला नको. पण खरे सांगू का, फायदा नसता तरी हे करायचेच होते. शेजारी बसलेल्या माणसाला पाणी विचारणे ही आपली रीत आहे. ती फडाच्या बांधावर थांबत नाही.

ती टायर गाडीच्या सावलीतली मुलगी पुढच्या हंगामात आमच्या गटात आली नाही. टोळी आली, नवरा आला, त्याच्याबरोबर कोयत्याला भाऊ होता. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "घरीच असती आता. उचलायचं काम झेपत न्हाई." शस्त्रक्रिया झाली का, कुठे झाली, हे विचारायचा मला धीर झाला नाही. त्या दिवशी सावलीत दोन मिनिटे थांबून, तिला गटाच्या गाडीने आरोग्य केंद्रात पाठवले असते तर अर्ध्या दिवसाचे काम खोळंबले असते, एवढेच.

येत्या हंगामात आपल्या गटातल्या प्रत्येक टोळीच्या मुक्कामाची यादी गावच्या आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्राकडे देण्याचे काम मी माझ्याकडे घेत आहे. सभासदांनी पिंप आणि आडोसा यांचे पाहावे. ज्यांना शंका असेल त्यांनी गट ऑफिसला यावे. उसाच्या तक्रारी आपण ऐकतोच, या तक्रारीही ऐकू.

आपला,
ऊस विकास अधिकारी